गॉगल घातला की मोबाईल काळा का पडतो? मामाच्या तलावावरून थेट प्रकाशाच्या लाटांपर्यंत

एप्रिलच्या शेवटी पवनीजवळ मामाच्या गावी गेलो होतो. बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच मामाने मोबाईल माझ्या हातात दिला.

“भाशा, हा मोबाईल गेला गा. दुपारी तलावावर काढला का पूर्ण काळा. घरी आणला का चांगला. दुकानवाला म्हणते डिस्प्ले गेला, अठ्ठावीसशे लागतीन.”

मी फोन चालू केला. व्यवस्थित चालू. ब्राइटनेस नीट, टच नीट, कुठे डाग नाही, रेघ नाही. मामी मागून म्हणाली, “दुकानातही असाच चांगला दिसते, तेथूनच त भांडण हाय.”

आमचा मामा मासेमारी करतो. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. जुन्या मालगुजारांच्या काळात धानाच्या बांध्यांना पाणी मिळावं म्हणून बांधलेले शेकडो तलाव इकडे आहेत. सरकारी कागदावर त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’, आणि त्याचं लघुरूप ‘मामा तलाव’. माझा मामा मामा तलावावर मासे धरतो, हे वाक्य शाळेत सांगितलं की पोरं पाच मिनिटं हसायची.

तर मामा पहाटे जाळं काढतो आणि ऊन चढेपर्यंत तलावाच्या पाळीवरच रोहू, कतला, झिंगे विकतो. पैसे आता बहुतेक क्यूआरवर येतात. ‘इतके रुपये प्राप्त झाले’ असं बोलणारा डबा त्याने घेतलेला नाही, कारण त्याचं महिन्याचं भाडं त्याला पटत नाही. त्यामुळे पैसे आले की नाही हे स्क्रीनवर बघूनच कळतं, आणि नेमकी तीच स्क्रीन दुपारी काळी. आदल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक “झालं बघा” म्हणून ३४० रुपयांचे मासे घेऊन गेलं. मामाला स्क्रीनवर काही दिसलं नाही आणि संध्याकाळी खात्यात काही आलं नाही.

मोबाईलवर लिहिणारा माणूस म्हणून माझ्या डोक्यात आधी उष्णताच आली. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि फोन तापला की स्वतःच ब्राइटनेस कमी करतो, हे खरं आहे. पण मंद होणं वेगळं आणि ठार काळं होणं वेगळं. शिवाय काळा झालेला फोन घरात आणताक्षणी बरा होत नाही, थंड व्हायला वेळ घेतो. मामाचा फोन मात्र उंबरठा ओलांडला की ठीक.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्याबरोबर पाळीवर गेलो. मामाने खिशातून फोन काढला आणि म्हणाला, “पाय, काळा.” मला तर स्क्रीन दिसत होती! उन्हामुळे थोडी फिकी, पण दिसत होती. मी मामाच्या तोंडाकडे पाहिलं. डोळ्यांवर नवाकोरा गॉगल. पाण्यावरच्या चकाकीने डोळे दुखतात म्हणून नागपूरला नोकरी करणाऱ्या मामेभावाने ऑनलाइन मागवून पाठवलेला, काडीवर ‘पोलराइज्ड’ लिहिलेला.

“मामा, फोन आडवा करा.”

मामाने फोन आडवा केला आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. स्क्रीन लख्ख. उभा केला, काळी. परत आडवा, लख्ख. आजूबाजूच्या दोघातिघांनी तो गॉगल मागून घेतला आणि दहा मिनिटं मासेविक्री बंद पडली.

दुकानात शिरताना मामा गॉगल कपाळावर चढवतो, घरी आल्यावर खुंटीला लावतो. म्हणून दोन्हीकडे फोन ‘चांगला’. बिचाऱ्या दुकानदाराला तो बिघाड कधी दिसलाच नाही, त्याने उन्हाचा अंदाज बांधला आणि डिस्प्ले सांगितला. मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. पण अठ्ठावीसशे रुपये गेले असते आणि नवीन डिस्प्लेही तसाच काळा पडला असता, अशी शक्यता बरीच होती.

लाट कोणत्या दिशेने हलते?

बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात सातवा धडा आहे, वेव्ह ऑप्टिक्स. व्यतिकरण, विवर्तन, ध्रुवीकरण. इंग्रजी नावं इंटरफेरन्स, डिफ्रॅक्शन, पोलरायझेशन. मी हा धडा परीक्षेपुरता पाठ केला आणि विसरलो. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांनी तेच केलं असेल. गंमत अशी की त्यातलं ध्रुवीकरण मोबाईलमध्ये सगळ्यात पुढे, अगदी काचेच्या लगेच खाली बसलेलं असतं. म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

प्रकाश ही लाट आहे. दोर एका टोकाला खुंटीला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून झटका द्या. लाट खुंटीकडे जाते, पण दोर स्वतः वर-खाली हलतो. हात आडवा झटकला तर दोर डावी-उजवीकडे हलेल, लाट तरीही खुंटीकडेच जाईल. प्रकाशात दोराच्या जागी विद्युतक्षेत्र असतं, एवढाच फरक. सूर्याच्या किंवा बल्बच्या प्रकाशात सगळ्या दिशांची हलणारी लाट एकत्र मिसळलेली असते. त्यातली एकच दिशा ठेवून बाकीची काढून टाकली की झालं ध्रुवीकरण.

हे काम करणारी पातळ फिल्म म्हणजे पोलरायझर. अमेरिकेच्या एडविन लँड यांनी १९२९ च्या सुमारास अशी स्वस्त फिल्म बनवायचा मार्ग काढला, पुढे त्यांचीच पोलरॉइड कंपनी झाली. आज स्क्रीनमध्ये सर्रास वापरली जाते ती फिल्म म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल नावाचं प्लास्टिक, आयोडीन घालून एका दिशेने ताणलेलं. ताणल्यामुळे त्याचे लांब रेणू एका रांगेत येतात, रोवणीच्या वेळी दोरी धरून लावलेल्या धानासारखे. रेणूंच्या रांगेला समांतर हलणारा प्रकाश ते शोषून घेतात आणि रांगेला काटकोनात हलणारा जाऊ देतात. (यूट्यूबवर कुंपणाच्या फटीतून दोर हलवून दाखवतात तेव्हा बरोबर उलटा समज होतो. रेणूंच्या रांगेच्या दिशेचा प्रकाश अडतो, जात नाही.)

आता एक पोलरायझर स्क्रीनवर आणि दुसरा डोळ्यावर. दोघांची दिशा एकच असेल तर प्रकाश आरपार. दोघांत ४५ अंशांचा कोन असेल तर निम्मा प्रकाश. ६० अंशांना चौथा हिस्सा. ९० अंशांना शून्य. मामाच्या फोनमधून बाहेर येणारा प्रकाश, फोन उभा धरला की, आडव्या दिशेने हलणारा होता. गॉगल फक्त उभा हलणारा प्रकाश आत घेतो. म्हणून अंधार. कोन आणि प्रकाशाचं हे नातं फ्रान्सच्या एतिएन मालुस यांच्या नावाने ओळखलं जातं. १८०८ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित होणारं मावळतीचं ऊन ते एका स्फटिकातून बघत होते आणि स्फटिक फिरवला की ते ऊन कमी-जास्त होत होतं. मामाने तलावावर फोन फिरवून जे पाहिलं त्याचीच ही जुनी आवृत्ती.

पण मोबाईलमध्ये पोलरायझर कशाला?

एलसीडी स्क्रीन असेल तर त्याशिवाय चित्रच दिसणार नाही. मागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो. त्यापुढे एक पोलरायझर, मग लिक्विड क्रिस्टलचा थर, मग दुसरा पोलरायझर. लिक्विड क्रिस्टलला दिलेलं व्होल्टेज बदललं की तो प्रकाशाची दिशा कमी-जास्त वळवतो आणि पुढच्या पोलरायझरमधून त्या ठिपक्यापुरता किती प्रकाश सुटेल ते ठरतं. म्हणजे तुम्ही बघता ती प्रत्येक रील ही दोन पोलरायझरमधली अडवाअडवी आहे.

एमोलेडमध्ये प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे तिथे गरज नको. तरीही बहुतेक वेळा पोलरायझर असतो, आणि त्याचं कारण मला जास्त आवडतं. एमोलेडच्या आत धातूचे चकचकीत इलेक्ट्रोड असतात. उन्हात ते आरशासारखे चमकले असते आणि काळा रंग राखाडी दिसला असता. म्हणून वर पोलरायझर आणि त्याखाली एक खास थर देतात. बाहेरचं ऊन पोलरायझरमधून एका दिशेने हलत आत जातं. खालचा थर त्याला गोल फिरणाऱ्या लाटेत बदलतो. धातूवरून परतताना तिचं फिरणं उलटं होतं आणि पुन्हा थरातून बाहेर येताना ती मूळ दिशेच्या बरोबर काटकोनात हलू लागते. पोलरायझर तिला अडवतो. आत गेलेलं ऊन आतच मुरतं. तुमच्या फोनचा काळा रंग उन्हातही काळा दिसतो तो यामुळे.

चांगल्या कंपन्या गॉगलवाल्यांचा विचार करतात. पोलरायझरची दिशा तिरपी ठेवतात म्हणजे फोन उभा धरा की आडवा, पूर्ण अंधार होत नाही. किंवा वरून आणखी एक फिल्म देतात. मामाच्या फोनचा मूळ डिस्प्ले दिवाळीत नावेत आपटून फुटला होता आणि त्याजागी स्वस्तातला कॉपी डिस्प्ले बसवलेला होता. त्यात एवढा विचार कोण करतो! डिस्प्ले बदलून घेताना ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो: उन्हातलं काम असेल आणि पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर पैसे देण्याआधी गॉगल घालून नवीन डिस्प्ले उभा-आडवा बघून घ्या.

हाच प्रकार एटीएम, पेट्रोल पंप, गाडीच्या डॅशबोर्डवरही होतो. अमेरिकेत तर विमानाच्या पायलटना पोलराइज्ड गॉगल वापरू नये असा अधिकृत सल्ला आहे, कारण समोरची स्क्रीनच दिसेनाशी होऊ शकते.

गॉगल खरा की खोटा?

आठवडी बाजारात, हायवेच्या कडेला ‘पोलराइज्ड’ लिहिलेले दीडशे-दोनशेचे गॉगल मिळतात. तपासायला फक्त एक स्क्रीन लागते. मोबाईल किंवा लॅपटॉपवर पूर्ण पांढरं पान उघडा, गॉगल समोर धरा आणि गाडीच्या स्टीअरिंगसारखा हळूहळू फिरवा. कुठल्यातरी कोनात काच काळी पडली तर पोलराइज्ड. अजिबात फरक पडला नाही तर नुसती रंगवलेली काच. (काही फोनवर वरच्या फिल्ममुळे काळ्याऐवजी फक्त रंग बदलताना दिसतील, तेव्हा दुसऱ्या स्क्रीनवर बघा.)

यात एक पण आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरण अडवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काच गडद असली की बाहुली मोठी होते. अशा वेळी काच अतिनील अडवत नसेल तर गॉगलशिवाय गेले असते त्यापेक्षा जास्त किरण आत जाऊ शकतात. तेव्हा यूव्ही ४०० लिहिलेलं, जरा विश्वासाच्या ठिकाणचं घ्या. आणि कितीही भारी गॉगल असो, त्यातून सूर्याकडे किंवा ग्रहणाकडे बघायचं नाही.

गॉगल मग नेमकं करतो काय? पाण्यावरून, डांबरावरून, गाडीच्या बॉनेटवरून परावर्तित झालेला प्रकाश बराचसा आडव्या दिशेने हलणारा असतो. पाण्यासाठी एक खास कोन आहे, उभ्या रेषेपासून ५३ अंश, म्हणजे पाण्याच्या पृष्ठापासून ३७ अंश. त्या कोनात परावर्तित होणारा प्रकाश पूर्णच्या पूर्ण आडवा. इकडे उन्हाळ्यात सकाळी साधारण साडेआठला आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य याच उंचीवर असतो. त्या वेळी तलावाची चकाकी गॉगल जवळजवळ पुसून टाकतो आणि पाण्याच्या आतलं दिसायला लागतं.

या साध्या युक्तीवरून एक मोठी गोष्ट सुरू झाली. १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन इंग्लंडहून ‘नारकुंडा’ जहाजाने मुंबईला परतत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाचं प्रतिबिंब पडतं म्हणून, असं तेव्हा मानत. रामन यांच्याजवळ निकोल प्रिझम होता, म्हणजे स्फटिकाचा पोलरायझर. त्यातून त्यांनी त्या खास कोनात समुद्र पाहिला. आकाशाचं प्रतिबिंब विझलं, पण निळा रंग गेला नाही, उलट जास्त खुलला. म्हणजे रंग पाण्याचाच होता. मुंबई बंदरातूनच त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाला हे लिहून पाठवलं. प्रकाश विखुरण्याच्या याच अभ्यासातून पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणाम आला, आणि आपण त्या तारखेला विज्ञान दिन करतो. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, “त्याच्या प्रिझमला काडी नव्हती, एवढाच फरक.”

संध्याकाळी अजून एक करून बघा. सूर्य मावळताना गॉगल घालून उत्तरेकडे किंवा थेट डोक्यावर बघा आणि मान हळूहळू तिरपी करा. आकाशाचा तो पट्टा गडद-फिका होताना दिसेल. निळं आकाशही ध्रुवीकृत असतं, सूर्यापासून काटकोनात सगळ्यात जास्त. आपल्याला ते गॉगलशिवाय कळत नाही, मधमाशीला कळतं. सूर्य ढगाआड असला तरी निळ्या आकाशाच्या तुकड्यावरून ती पोळ्याची दिशा काढते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी शोधलं. मधमाश्यांवरच्या कामासाठी १९७३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

कंपासपेटीतले रंग

मामेबहीण दहावीत आहे. तिच्या कंपासपेटीतला प्लास्टिकचा कोनमापक मी लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनपुढे धरला आणि मामाचा गॉगल स्क्रीन काळी होईल असा फिरवला. काळ्या पार्श्वभूमीवर कोनमापक इंद्रधनुष्यासारखा रंगीत! कडांना, भोकाजवळ रंगांचे पट्टे दाट. तिने तो हाताने वाकवला तर रंग सरकायला लागले.

हे रंग प्लास्टिकचे नाहीत. साच्यात ओतताना प्लास्टिकमध्ये ताण अडकून राहतो. ताणलेल्या प्लास्टिकमध्ये प्रकाशाचे दोन भाग होतात, एक थोडा जलद जातो, दुसरा मागे पडतो. गॉगल त्या दोघांना पुन्हा एका दिशेवर आणतो आणि तिथे ते एकमेकांत मिसळतात. कुठल्या रंगाची बेरीज होते, कुठल्या रंगाची वजाबाकी. इंजिनिअर लोक यंत्राच्या भागात ताण कुठे जास्त येतो ते बघायला हीच पद्धत वापरत आले आहेत.

ही बेरीज-वजाबाकी म्हणजेच व्यतिकरण. शांत तलावात दोन दगड थोड्या अंतरावर टाका. जिथे दोन्ही लाटांचे उंचवटे एकत्र येतात तिथे पाणी जास्त उसळतं, जिथे एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा येतो तिथे पाणी सपाट राहतं. प्रकाशही असंच करतो, आणि म्हणूनच प्रकाश अधिक प्रकाश बरोबर अंधार असंही होऊ शकतं, ही कल्पना इंग्लंडच्या थॉमस यंग यांनी १८०१ पासून मांडली. लोकांना ती पटायला बरीच वर्षं लागली. मलाही बारावीत पटली नव्हती.

पटली ती रस्त्यावर. पहिल्या पावसात भंडाऱ्याच्या हायवेवर ट्रकचं तेल पाण्यावर पसरतं आणि त्यावर जांभळे-हिरवे-पिवळे वेढे दिसतात. तेलाचा थर इतका पातळ की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. थराची जाडी त्याच मापाची असली की एका जागी लाल रंग वजा होतो, शेजारी निळा. टेम्पर्ड ग्लास नीट चिकटली नाही की कडेला जे रंगीत वेढे दिसतात तेही असेच, फक्त तिथे तेलाऐवजी हवेचा थर असतो.

मोराचं पीसही यातलंच. पिसातलं रंगद्रव्य खरं तर काळपट तपकिरी. त्याच्या अतिसूक्ष्म कांड्या एकमेकींपासून साधारण दीडशे नॅनोमीटरवर शिस्तीत मांडलेल्या असतात, आणि त्यांच्यावरून परतणाऱ्या लाटांच्या बेरजेतून निळा-हिरवा रंग तयार होतो. पीस कुटून भुकटी केलं तर निळी भुकटी मिळणार नाही, नुसती तपकिरी. (उगाच करून बघू नका, एका पिसाची नासाडी होईल.)

आणि हे सगळं तुमच्या खिशातही आहे. फोनचा कॅमेरा तिरपा धरून बघा, लेन्सवर हिरवी-जांभळी झाक दिसेल. चश्म्यावरही दिसते. काचेवरून प्रकाश परत फिरू नये म्हणून लेन्सवर पातळ थर देतात. मॅग्नेशियम फ्लोराइडचा एकच थर असेल तर त्याची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या त्या थरातल्या तरंगलांबीचा पाव भाग. थराच्या खालून परतणारी लाट वरून परतणाऱ्या लाटेपेक्षा बरोबर अर्ध्या लांबीने मागे पडते, दोघी एकमेकींना मारतात. परत न फिरलेला प्रकाश आत, सेन्सरवर जातो. जी झाक आपल्याला दिसते ती पूर्ण न मेलेल्या रंगांची.

याच बेरीज-वजाबाकीवर आपल्याच महाराष्ट्रात एक प्रचंड यंत्र उभं राहायचं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याला मंजुरी दिली, अंदाजे खर्च २,६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटरच्या काटकोनातल्या दोन नळ्यांतून लेझर जाऊन परत येणार आणि एकमेकांत मिसळणार. दूर अवकाशात कृष्णविवरं आदळून आलेल्या लहरीने एक नळी प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतकी जरी लांबली तरी ते व्यतिकरण बदलतं. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली.

२०० मेगापिक्सेलची गोष्ट

राहिलं विवर्तन. हे पटकन सांगतो, पण नवीन फोन घेणाऱ्यांनी वाचाच.

लाट बारीक फटीतून किंवा बारीक वस्तूच्या कडेवरून गेली की पसरते. भंडाऱ्याच्या कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, नाव तुम्ही ऐकलं असेल. तलम रेशमी रुमाल किंवा छत्रीचं कापड डोळ्यांपुढे धरून रात्री लांबच्या रस्त्याच्या दिव्याकडे बघा. एका दिव्याचे अनेक दिवे दिसतील, अधिकच्या चिन्हासारखे मांडलेले. १७८५ साली अमेरिकेत फ्रान्सिस हॉपकिन्सन यांना रेशमी रुमालातून असंच दिसलं. रुमाल हलवला तरी ते पट्टे हलेनात. त्यांनी डेव्हिड रिटनहाउस या मित्राला विचारलं, आणि त्याने उत्तर शोधता शोधता केस शेजारी-शेजारी ताणून बसवले व जगातल्या पहिल्या काही विवर्तन जाळ्यांपैकी एक बनवली. फोनची लेन्स शर्टाने पुसून रात्री फोटो काढला की दिव्यांना लांब रेघा फुटतात, तेही याच जातीचं. पुसल्याच्या बारीक रेषांच्या बरोबर काटकोनात त्या पसरतात. लेन्स स्वच्छ कापडाने पुसा, महागडा नाइट मोड त्यानंतर.

आता मेगापिक्सेल. लेन्सचं भोकही एक फटच आहे. त्यातून आलेला प्रकाशाचा बारीकात बारीक ठिपकाही सेन्सरवर ठिपका राहत नाही, पसरून चकती होते. भोक एफ १.८ चं असेल तर हिरव्या प्रकाशासाठी ही चकती सुमारे २.४ मायक्रोमीटर रुंद. काही २०० मेगापिक्सेल सेन्सरमधला एक पिक्सेल ०.६ मायक्रोमीटर. म्हणजे एक ठिपका आडवे चार आणि उभे चार पिक्सेल व्यापतो. लेन्स कितीही निर्दोष घासली तरी हे चुकत नाही, तो प्रकाशाचा स्वभाव आहे. म्हणून असे फोन बहुतेक वेळा १६ पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतात, आणि तो चांगला असतो. पूर्ण २०० मेगापिक्सेल फार तर भर उन्हात थोडंफार जास्त देईल. पाच हजार रुपये जास्त मोजायचे असतील तर मोठ्या सेन्सरसाठी मोजा, आकड्यासाठी नको, असं माझं स्पष्ट मत.

तर मामा. शनिवारी आम्ही दोघं गॉगल घेऊन दुकानात गेलो. मी काही न बोलता गॉगल दुकानदाराला घालायला दिला आणि मामाचा फोन समोर धरला. तो आधी चपापला, मग काउंटरवरचे दुरुस्तीला आलेले फोन एकेक उचलून उभे-आडवे करू लागला. एक पूर्ण काळा, एक निळसर, बाकीच्यांना फारसा फरक नाही. “हे त आम्हाले कोणी सांगतलंच नव्हतं,” म्हणाला आणि चहा मागवला. मामाने आता गॉगलला जाळ्याची दोरी बांधून तो गळ्यात अडकवला आहे. पेमेंट बघायचं असलं की खाली ओढतो.

निघायच्या दिवशी सकाळी साडेआठला मी त्याच्याबरोबर नावेत होतो. गॉगल माझ्या डोळ्यांवर. चकाकी गेली, खाली शेवाळ, बुडालेला ओंडका, आणि त्याच्या सावलीत एक मरळ स्थिर. मी ओरडून दाखवली. मामाने नाव थोडी वळवली, स्वतःची सावली पाण्यावर पडेल असा वाकला आणि म्हणाला, “ते काय, दोन हायेत.”

दुसरी मला गॉगल असूनही दिसली नव्हती.